मशीनरूमच्या दारावरची चिठ्ठी

प्रिय खात्रीराव,

पाकीट जड लागलं असेल. तुझा स्वभाव मला माहीत आहे, पण लगेच उलटं करून झटकू नकोस. आत कागदात गुंडाळून एक वस्तू ठेवली आहे. ती शेवटी बघ, आधी हे वाच.

बाबांनी ठेवलेल्या नावानं हाक मारली म्हणून रागावू नकोस. सात महिन्यांत तुला या नावानं कुणी हाक मारली नसेल. त्या बरण्यांच्या कारखान्यात तुला कोण ओळखतं? तू आईला सांगितलंस, की इथं लेबल वाकडं लागलं तरी कुणाला काही होत नाही, म्हणून हे काम धरलंय. आईला ऐकू कमी येतं, त्यामुळे तिनं ते वाक्य स्वतःच तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं, आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी तीनदा ऐकलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर तुझा फोन येतो. आई बोलते, सगळ्या जिन्याला कळतं की तुझा फोन आहे, आणि मी हात पुढे केला की तू ठेवून देतोस. तुझं काही चुकत नाही. म्हणून तर लिहिते आहे. पत्र तू फाडू शकशील, पण त्यासाठी आधी ते हातात घ्यावं लागेल.

घरचं सांगते. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, ती गुडघ्यांपेक्षा जास्त कुरकुरते. तिनं परवा एक गुपित फोडलं. दुपारी ती जरा लवंडली की तू दारात उभा राहून तिचा श्वास चालू आहे ना ते बघायचास, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणाली, "तो आला की मी मुद्दाम घोरायचे. म्हणजे बिचारा लवकर जेवायला बसेल." आपण दोघं तिला भोळी समजत होतो. रविवारी मी घरी असते तेव्हा बघते, अजूनही दुपारी अडीचच्या सुमाराला ती घोरते, मग थांबते आणि एक डोळा उघडून दाराकडे बघते. मी तेव्हा खिडकीतून बाहेर बघत बसते.

हॉस्पिटल आहे तिथंच आहे. तुझी लिफ्ट त्या दिवसापासून बंद आहे. तळमजल्यावर तिच्या दारापुढे कुणीतरी लाकडी बाक आडवा टाकलाय. त्यावर रुग्णांचे नातेवाईक बसतात, डबे खातात, डुलक्या घेतात. पाठीमागच्या लिफ्टमध्ये काय झालं होतं ते त्यांना कुणी सांगत नाही. स्ट्रेचर चौघेजण जिन्यानं नेतात. वळणावर रुग्ण तिरका झाला की एकजण ओरडतो, दुसरा त्याच्यावर ओरडतो. मी चौथ्या मजल्यावरच्या माझ्या जुन्या केसपेपरांच्या खोलीत रोज पायी चढून जाते. ब्याऐंशी पायऱ्या आहेत. मीही आता मोजायला लागले, हस हवं तर. लिफ्ट चालू असती तरी मी जिन्यानंच गेले असते, हेही सांगून टाकते.

तुझ्या जागी नवा माणूस नेमलेला नाही.

आता मुद्द्याच्या जवळ येते आहे. दर बुधवारी बायकांच्या प्रार्थनासभेत तासभर न अडखळता बोलणारी मी, इथं चार ओळींवर अडले. म्हणून थोडं मागून सुरुवात करते.

तुला तुझं नाव कसं पडलं ते आठवतं का? रविवारी आपण चौघं चर्चला निघायचो, कोपऱ्यापर्यंत पोचायचो, आणि तू म्हणायचास, "खात्री करून येतो." धावत परत जायचास, कुलूप ओढून बघायचास. बाबा भर रस्त्यात छत्री टेकून उभे राहायचे आणि ओळखीच्या माणसांना सांगायचे, आमचे खात्रीराव आले की मगच देवाला उपासना सुरू करता येईल. तूही हसायचास. तेव्हा ती नुसती सवय होती. पुढे त्याच सवयीनं तुला लिफ्टच्या कामात नाव मिळवून दिलं. अकरा वर्षं. रोज सकाळी सातच्या आधी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन ब्रेक बघायचा, दोर बघायचे, रिकामी लिफ्ट एकदा वर, एकदा खाली फिरवायची, मग लोकांना आत सोडायचं. अकरा वर्षांत त्या लिफ्टमध्ये कुणाचं बोटसुद्धा चेमटलं नाही. सुपरवायझर तुझी टिंगल करायचा, पण स्वतःच्या बायकोला बाळंतपणाला आणली तेव्हा तुलाच विचारायला आला होता, लिफ्ट ठीक आहे ना.

मग बाबा गेले. दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. तू त्यांच्या शेजारून दोनदा गेलास. झोपलेत म्हणून पाय न वाजवता गेलास. तिसऱ्यांदा आईनं चहासाठी हलवलं तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, तू पाहिलं असतंस तरी काही करता आलं नसतं. तू मान हलवलीस. पण त्या दिवसापासून तू एकदा बघून कधीच थांबला नाहीस. गॅसचं बटण, कडी, नळ, आईचा श्वास. मशीनरूममधून खाली उतरायचास, अर्ध्या जिन्यातून परत वर जायचास. कधी तीनदा, कधी सहादा. तुझे हात सारखे धुऊन भेगाळले होते. जेवताना मध्येच उठायचास. मी सगळं पाहत होते, आणि मला तुझी दया येण्याऐवजी राग येत होता. विश्वासणाऱ्या घरातला मुलगा आणि हा असा, असं मला वाटायचं. हे वाक्य मी पहिल्यांदाच कागदावर उतरवते आहे.

त्या बुधवारी मी काळजीवर बोलले. तू आईला सोडायला आला होतास आणि मागच्या बाकावर बसून राहिलास, सगळ्या बायकांत एकटा. मी किती पुस्तकं चाळून तयारी केली होती. आकाशातली पाखरं, रानातली फुलं, प्रभूनं दिलेले सगळे दाखले आणले. काळजी म्हणजे देवाच्या तोंडावर दाखवलेला अविश्वास, असं मी म्हणाले, आणि हात उगारून म्हणाले. समोरच्या दोघी रडल्या. मला फार बरं वाटलं. सभा संपल्यावर तू चपला घालत दारात थांबलास आणि हळूच विचारलंस, "ताई, मग दुसऱ्यांदा बघणं हेही पाप का?"

मी एक क्षणसुद्धा थांबले नाही. हो म्हणाले.

तुझा चेहरा मला आठवतो. मार बसल्यासारखा नव्हता, सुटका झाल्यासारखा होता. कुणीतरी एकदाचं ठरवून दिलं म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी एका रद्द केसपेपरच्या पाठीवर तुला ठळक अक्षरात लिहून दिलं: एकदा बघ. एकदा देवाकडे माग. पाठ फिरव. तू ते मशीनरूमच्या दाराला आतून चिकटवलंस.

बेचाळीस दिवस तू तसा वागलास, आणि तुला खरंच बरं वाटलं. मी ते नाकारणार नाही. तू वॉर्डबॉय लोकांच्या पंगतीत जेवायला बसायला लागलास. हातांच्या भेगा भरल्या. जिन्यात शीळ घालायला लागलास, आणि आई म्हणाली, इतक्या वर्षांत मला शीळ ऐकू आली म्हणजे मोठीच असणार. रविवारी तू मंडळीपुढे उभा राहून साक्ष दिलीस, की प्रभूनं मला एकदा बघायला शिकवलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी तिसऱ्या ओळीत बसले होते आणि मनात म्हणत होते, प्रभूनं नाही, मी.

त्रेचाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी नऊ वाजून गेले होते. धुतलेल्या चादरींची लोखंडी गाडी घेऊन वॉर्डातली मावशी तिसऱ्या मजल्यावर उतरत होती. तीच, जिच्या चपलांचा आवाज आपण दोघं ओळखायचो, जी डॉक्टरांनाही दम भरते. दार उघडं होतं. तिचा एक पाय बाहेर होता. ब्रेक घसरला आणि लिफ्ट दीड हात वर सरकली. मावशी खाली पडली आणि भरलेली गाडी तिच्या उजव्या पायावर आली. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती गाडी तूच उचललीस. तीन माणसांना हलली नाही, ती तू एकट्यानं उचललीस.

आता जे लिहिते ते तुला माहीत नाही.

चौकशी समितीनं मशीनरूमचे फोटो काढले, त्यात दारावरची चिठ्ठीही आली. त्यांनी तुला विचारलं, ही सूचना कुणाची. तू म्हणालास, माहीत नाही, आधीपासून होती. मला वाचवण्यासाठी तू खोटं बोललास. आयुष्यात ज्या माणसानं कुलूपसुद्धा दोनदा बघितल्याशिवाय लागलंय असं म्हटलं नाही, तो माणूस. मग ते फोटो घेऊन सगळ्या विभागांत फिरले. माझ्याही खोलीत आले. तिघं होते, त्यातल्या एकानं फोटो माझ्यासमोर धरला आणि नम्रपणे विचारलं, की बाई, हे अक्षर ओळखता येतं का? माझ्या मागं रॅकवर त्याच अक्षरात नावं घातलेले केसपेपरांचे दोनशे पुठ्ठे उभे होते. त्यांनी नुसती मान वर केली असती तरी पुरे होतं. मी म्हणाले, नाही ओळखता येत. त्यांनी मान वर केली नाही. आभार मानून गेले.

त्यानंतर तुला निलंबित केलं आणि तू गाव सोडलंस. लोक म्हणाले, अपराधी वाटत असेल. मी तेही ऐकून घेतलं.

आणि त्या दिवसापासून मला प्रार्थना करता येईना. तोंडानं येत होती, रे. बुधवारी मी बोलतही होते, आवाजही चढवत होते. पण डोळे मिटले की समोर ते पुठ्ठे यायचे. सकाळी उठल्या उठल्या छातीत गोळा असायचा. पोस्टमन आला की वाटायचं, समितीचं पत्र. कुणी जिन्यात थांबून बोललं की वाटायचं, माझ्याबद्दलच बोलताहेत. तुझा फोन पाच मिनिटं उशिरा आला, की तुझं काही बरंवाईट झालं असणार, या विचारानं मी भिंत धरून उभी राहायचे. काळजी म्हणजे अविश्वास, असं हात उगारून सांगणारी बाई काळजीनं पोखरून निघाली होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तू बाबा गेल्यापासून कुठं राहत होतास. मी तुला त्या घरातून हाकलून लावलं होतं, आणि घर कसं असतं तेसुद्धा मला माहीत नव्हतं.

मी मावशीला भेटायला गेले. पहिल्या दोन वेळा तिनं भिंतीकडे तोंड करून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाली, आलाच आहात तर माझा कंगवा खाली पडलाय तो द्या. चौथ्यांदा मी तिला सगळं सांगितलं. चिठ्ठी माझी, शिकवण माझी, खोटं माझं. ती म्हणाली, पाणी द्या. मी दिलं. मग म्हणाली, आता जा. मी गेले. आठ दिवस तिचा निरोप नाही. मला वाटलं, ती समितीला सांगणार. मनातून बरंही वाटलं, की आता मला सांगायला नको. बघ माणूस किती भित्रा असतो. नवव्या दिवशी नर्स वर येऊन म्हणाली, मावशी म्हणतेय तुमची ती भाषणवाली कुठं मेली, तिला बोलवा.

तिनं काही सांगितलं नव्हतं. मला म्हणाली, बुधवारी एवढ्या मोठ्यानं प्रार्थना करता ना, आज माझ्यासाठी करा, पाय बधिर पडलाय आणि उद्या परत कापाकापी आहे. मी डोळे मिटले, हात जोडले, आणि तोंडून एक शब्द फुटला नाही. चांगली पाच मिनिटं. शेजारच्या खाटेवरची बाई कूस बदलून बघायला लागली. शेवटी मावशीच वैतागून म्हणाली, राहू द्या, तुमच्यानं होत नाही. आणि तिनंच केली. डोळे उघडे ठेवून, छताकडे बघत: "देवा, मला भीती वाटते. या ताईलाही वाटते. तो लिफ्टवाला जिथं असेल तिथं त्यालाही वाटत असेल. तिघांकडे एकदमच बघ, म्हणजे तुला तीनदा यायला नको. आमेन."

मी त्या खाटेच्या कडेला डोकं टेकवून रडले. ती म्हणाली, पाय हलवू नका माझा.

तेव्हापासून रोज पाच वाजता काम सुटलं की मी तिच्याकडे जाते. पहिले काही दिवस तिच्याच प्रार्थनेला आमेन म्हणत होते. नंतर तुटक तुटक माझीही यायला लागली. एक दिवस मी तिला म्हटलं, मावशी, मला लाज वाटते, मी रोज देवाला तेच तेच सांगते, काल सांगितलेलं आज परत. मलाच माझी ती शिकवण आडवी येत होती, की एकदा मागून पाठ फिरवायची. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं मी काही वाचलेलंच नाही. "अहो ताई," ती म्हणाली, "त्या बागेत प्रभूनं स्वतः तीनदा मागितलं ना?"

मी घरी येऊन शास्त्र उघडलं. मला पाठ असलेली जागा. धरला जायच्या आधी, घाबरलेला, जमिनीवर पालथा पडलेला प्रभू. उठतो, मित्रांकडे येतो, ते झोपलेले असतात. परत जातो, तेच मागतो. परत येतो, परत जातो, पुन्हा त्याच शब्दांत तेच मागतो. मी या उताऱ्यावर किमान दहा वेळा बोलले असेन, झोपलेल्या शिष्यांना किमान दहा वेळा झोडपलं असेल. पण तो स्वतः तीनदा गेला, हे माझ्या डोळ्यांसमोरून दहा वेळा निसटलं. ज्यानं पाखरांकडे बघा म्हणून सांगितलं, त्याचाच घाम त्या बागेत जमिनीवर ठिबकत होता. त्याला कुणी अविश्वासी म्हणेल का? आणि मी माझ्या सख्ख्या भावाला म्हणाले. चर्चच्या दारात, चपला घालता घालता.

म्हणून मी आता हे बोलणार, आणि जन्मभर बोलणार. घाबरलेल्या माणसाला काळजी करू नकोस असा हुकूम सोडणं ही शिकवण नव्हे, तो उद्धटपणा आहे. काळजी दडपायला देव नाही लागत, माझ्यासारखी एक मोठ्या आवाजाची बाई पुरते. दडपलेली काळजी मरत नाही. देव दुसरंच करतो. तो म्हणतो, घेऊन ये. परत आली? परत घेऊन ये. पन्नासदा आली, तर पन्नासदा ये. तुझं अर्ध्या जिन्यातून परत वर जाणं मला अविश्वास वाटलं. मी एवढंच सांगायला हवं होतं, की जा, पण एकटा जाऊ नकोस, त्याला घेऊन जा. माझी काळजी गेलेली नाही. सकाळचा गोळा अजून असतो. फक्त आता मी तो कुणाच्या तरी हातात देते, आणि संध्याकाळपर्यंत तो माझ्या एकटीच्या छातीवर नसतो. एवढंच बदललंय, पण एवढ्यावर मी उभी आहे.

उभी आहे म्हणूनच पुढचं करू शकले. पंधरा दिवसांपूर्वी समितीचा अहवाल आला. गिअरच्या पेटीतून तेल झिरपून ब्रेकच्या पट्ट्यांवर आलं होतं, त्यामुळे ब्रेक घसरला. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं उतरवते: "सदर तेल सकाळच्या तपासणीच्या वेळी तेथे होते की तपासणीनंतर झिरपले, हे निश्चितपणे सांगता येत नाही." मी ते वाक्य उलटसुलट करून किती वेळा वाचलं. तू दोषी असं त्यात नाही. निर्दोष असंही नाही. दुसऱ्यांदा वर गेला असतास तर दिसलं असतं का? दिसलं असतं, किंवा नसतं. हे आता या पृथ्वीवर कुणाला कळणार नाही. मला माहीत आहे, तू हे वाक्य वाचशील आणि मनातल्या मनात त्या मशीनरूमचे जिने चढत राहशील. चढ. मीही चढते. पण तिथं उत्तर नाही. बाबांच्या खुर्चीपाशीही नव्हतं. खात्री आपल्याला मिळणार नाही, खात्रीराव. ज्याला सगळं माहीत आहे असा एकजण आहे, आणि तो आपल्याला सोडून गेलेला नाही, तेवढंच मिळतं. मला आधी ते फार कमी वाटायचं.

त्याच अहवालात चिठ्ठीचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, लेखक अज्ञात. दुसऱ्या दिवशी मी समितीच्या मुख्य साहेबांकडे गेले आणि एक पुठ्ठा काखेत धरून नेला. अक्षरं शेजारी शेजारी ठेवली. ती बघून ते म्हणाले, बाई, हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं? मी म्हटलं, भीती वाटली. माझी कबुली अहवालाला जोडली आहे, माझ्यावर काय करायचं ते हॉस्पिटल ठरवतंय. रविवारी मंडळीपुढे, तू साक्ष दिलीस त्याच जागी उभी राहून सगळं सांगितलं. आमेन कुणी म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी बुधवारची सभा माझ्याकडून काढून घेतली, आणि ठीक केलं. गाण्याच्या मंडळातली जाडी बाई बाहेर मला म्हणाली, एवढं सगळ्यांसमोर कशाला हो. आईला अर्धंच ऐकू आलं होतं. घरी येताना तिनं सगळं परत सांगायला लावलं. कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "हे त्याला सांग. मला नको सांगू."

म्हणून हे पत्र. पण एवढ्याचसाठी नाही. येत्या सोमवारी लिफ्ट पुन्हा सुरू होते आहे. कंपनीची माणसं दुरुस्त करून गेली, कागदावर सह्या झाल्या. त्याच सोमवारी मावशी कामावर येते आहे. तिचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही, आता वाकणारही नाही. तिला बसून करायचं काम दिलंय, चौथ्या मजल्यावर, चादरींच्या घड्या. ब्याऐंशी पायऱ्या तिला या जन्मी चढवणार नाहीत. लिफ्टनं गेली तर काम आहे, नाही गेली तर नाही. आणि लिफ्टच्या दाराकडे नुसतं बघितलं तरी तिचे ओठ पांढरे पडतात, मी पाहिलंय. तिनं सुपरवायझरला ठणकावून सांगितलंय, की कंपनीच्या सह्या तुम्हीच चाटा, मी आत पाय ठेवीन तर आपल्या लिफ्टवाल्यानं बघितल्यावरच. तुझं निलंबन अहवालानंतर उठलंय. पत्र घरी आलंय, आईच्या उशीखाली आहे. सुपरवायझर म्हणाला, दहा वेळा जिने चढून उशीर करायचा, पण बोलवा त्याला. आणि त्यानं तुझी किल्ली माझ्या हातात दिली. पाकिटात तीच आहे. ज्या कागदात गुंडाळली आहे तो तू ओळखशील. समितीनं तो मला परत दिला. माझ्या तिन्ही ओळींवर मी काट मारली आहे. खालची वाकडी ओळ मावशीच्या हातची आहे, तिनं मला लिहू दिलं नाही: पाहिजे तेवढ्या वेळा बघ, मी बाकावर बसते. तिचा तोंडी निरोप वेगळा आहे, तोही कळवते: लपून बसणं लंगडीला शोभतं, धडधाकट माणसाला नाही. हे तिचं. माझं म्हणशील, तर तू आला नाहीस तरी मी तुला दोष देणार नाही, आणि तुझा फोन पूर्वीसारखा आईच घेईल. पण सोमवारी सकाळी सात वाजता त्या दारापुढच्या बाकावर आम्ही दोघी बसलेल्या असू, दोघीही घाबरलेल्या, आणि तू कितीदाही परत वर गेलास तरी उठणार नाही. दार उघडलंस की तिघं मिळून आत जाऊ.

बाकाच्या डाव्या टोकाला बसलेली,
तुझीच ताई